ताईंना विचारा: घरचे जोक बाहेर सांगावेत का?

प्रश्न: ताई, आम्ही मूळचे चंदगडकडचे. बाबा लग्नाआधीच गोव्यात आले, आधी हॉटेलात भांडी घासली, मग म्हापसा मार्केटात भाजी घेऊन बसायला लागले, आता आईपण बसते. मी इथेच जन्मलो. मित्रांशी कोंकणी, घरी चंदगडी, कॉलेजात इंग्लिश. शाळेत पोरं 'घाटी' म्हणायची आणि गावी गेलो की चुलतभाऊ म्हणतात 'आले गोयंकार'. आता दिवसा मेडिकल स्टोअरमध्ये काम करतो आणि संध्याकाळी पणजी, हणजूणच्या कॅफेंत ओपन माइकला (नवख्यांनाही स्टेज मिळतं तो कार्यक्रम) स्टँडअप कॉमेडी करतो. सेट, म्हणजे स्टेजवर करतो ते जोक, सगळा घरावरच आहे, बाबांचं हिंदी, आईचं कोंकणी, बाबा क्यूआर कोडला घाबरतात वगैरे, आणि लोक हसतात. परवा बाबांनी मोबाईलवर क्लिप बघितली आणि काहीच बोलले नाहीत. आई हसली, पण ती तशीच आहे, गिऱ्हाईक रोज विचारतं 'भेंडी गांवठी मगो?' तर म्हणते, 'भाजी गांवठी बाय, हांव तेवडीच भायली' (मी तेवढीच बाहेरची). सेट लिहून सोबत पाठवलाय. घरच्यांवर जोक करणं चूक आहे का? आणि कुठल्या भाषेत करू?
— भाजीवाल्याचा पोरगा, म्हापसा

उत्तर: अरे, सेट म्हणून दोन पानं पाठवलीस आणि खरा जोक पत्रात असाच टाकून मोकळा झालास! आईचं ते वाक्य तुझ्या सेटमध्ये कुठेच नाही, मी दोनदा शोधलं.

तुझ्या सेटमध्ये बाबा 'हमको मालूम नै होता' म्हणतात आणि लोक हसतात. का हसतात? कारण तू आवाज चांगला काढतोस, बाकी काही नाही. त्यात जोक नाहीये, नक्कल आहे, आणि हणजूणच्या कॅफेत बसलेला दिल्ली-बेंगळुरूचा पाहुणा भाजीवाल्याच्या हिंदीला मार्केटात फुकट हसतोच की, त्यासाठी तू कशाला पाहिजेस? बाबा का गप्प बसले ते मला इथून कसं कळणार, पण त्या क्लिपमध्ये त्यांना दिसलं काय तर स्वतःचा पोरगा आणि त्यांच्या बोलण्यावर हसणारी अनोळखी माणसं.

आता आईचं बघ. गोंयकाराला मिरची गावठी पाहिजे, केळी गावठी, कोंबडी गावठी, अंडी गावठी, आणि मार्केटातला अर्धा माल मात्र रोज पहाटे बेळगावहून चोर्ला घाट उतरून येतो. हे सगळ्यांना माहीत असतं तरी विचारायचं ते विचारतातच. त्यात ही बाई इतकी वर्षं तिथे बसलेली, एका वाक्यात गिऱ्हाईकाचीही उडवते, स्वतःचीही उडवते, आणि वर भेंडी विकते! (भेंडी खरंच गावठी होती का ते आपण विचारायचं नाही.) हसू येतं, थोडं टोचतंही, आणि जिंकते कोण तर आई.

म्हणजे घरच्यांवर जोक कर, बिनधास्त कर, फक्त त्यात शहाणं कोण ठरतं तेवढं बघ. कॅनडाचा कॉमेडियन रसेल पीटर्स घे, आईवडील भारतातून गेलेले अँग्लो-इंडियन, हा टोरांटोत जन्मला, 2004 सालच्या त्याच्या एका टीव्ही कार्यक्रमाचे तुकडे इंटरनेटवर फिरले आणि जगभर नाव झालं. तोही बापाचा ॲक्सेंट काढतो, भरपूर काढतो, पण बाप कायम वरचढ, पोरगा टरकलेला. ॲक्सेंट बापाचा, फजिती पोराची. तुझ्या सेटमध्ये दोन्ही बापाच्याच गळ्यात आहेत, तेवढं उलटं कर. क्यूआर कोडचंच घे ना, नेटवर्क गेल्यावर हात वर करून मोबाईल नाचवणारं गिऱ्हाईक जास्त विनोदी की 'जावं दे, फाल्यां दी' (राहू दे, उद्या दे) म्हणून कोथिंबिरीची जुडी हातात देणारे बाबा? आणि कोणाकडून किती येणं आहे ते त्यांच्या डोक्यात पक्कं असणार, हे मी पैजेवर सांगते.

भाषेचं म्हणशील तर पंच, म्हणजे हशा पिकवणारं शेवटचं वाक्य, ज्या भाषेत घडला त्याच भाषेत ठेव, आधीची बांधणी समोरच्यांप्रमाणे हिंदी, मराठी, कोंकणी काय हवी ती कर. 'हांव तेवडीच भायली' हे हिंदीत केलंस तर भेंडीसारखंच बुळबुळीत होईल. आणि 'भायले' वगैरे विषय गोव्यात कसा काढू अशी भीती धरू नकोस. ज्या तियात्रावर (कोंकणी नाटकावर) गोवा पोट धरून हसतो तो पहिला तियात्र झाला मुंबईत, 17 एप्रिल 1892 ला, न्यू आल्फ्रेड थिएटरात, आणि तो उभा केला पोटापाण्यासाठी तिकडे गेलेल्या गोंयकारांनी. तेव्हा ते तिथे भायलेच होते. आजही समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांचा भाऊ, भाची कोणीतरी गल्फात नाहीतर इंग्लंडात स्विंडनला असतं, आणि तिथे त्यांचंही इंग्लिश कोणीतरी काढून दाखवत असेलच. हे तुझ्या सेटमध्ये आलं ना तर तुला 'घाटी' म्हणणारी पोरंच पहिली टाळी देतील, म्हणजे देतीलच असं नाही, पण खुर्चीत चुळबुळ तरी करतील.

आणि हो, नवीन सेट झाला की आधी आईला ऐकव. तुझ्यापेक्षा तिचं टायमिंग चांगलं आहे.

प्रश्न: मुलगी नोकरी सोडून स्टँडअप करायचं म्हणतेय. आम्ही सावंतवाडीहून इथे येऊन कष्टाने घर उभं केलं. यात पैसे मिळतात का?
— एक आई, फोंडा

उत्तर: सुरुवातीला नाही. ओपन माइकला बहुतेक ठिकाणी काहीच मिळत नाही, वर कॉफी स्वतःच्या पैशांनी प्यावी लागते. पैसे असतात ते कंपन्यांच्या कार्यक्रमांत आणि तिकिटाच्या शोमध्ये, तिथवर पोचायला वर्षं जातात. नोकरी राहू दे, रात्री करू दे. तुम्हीही एकदा बघायला जा, पण पहिल्या रांगेत बसू नका, पोरगी वाक्यं विसरेल.

प्रश्न: माझा भाऊ स्टेजवर सांगतो की लहानपणी घरमालकाने आम्हाला भर पावसात सामानासकट बाहेर काढलं. असं काही झालंच नाही! ते घरमालक आजही दर चतुर्थीला नेवऱ्या (करंज्या) पाठवतात. कॉमेडीत हे चालतं का?
— बहीण, वास्को

उत्तर: मीठमसाला चालतो, सगळेच घालतात. पण 'आमच्यावर अन्याय झाला' म्हणून सांगितलं की लोक ते खरं धरतात आणि कळवळतात, मग ते खोटं निघालं की चिडतात. अमेरिकेतला कॉमेडियन हसन मिन्हाज, अलीगढहून गेलेल्या आईवडिलांचा मुलगा, त्याचं 2023 मध्ये हेच झालं. अन्यायाचे काही किस्से रंगवलेले होते हे एका साप्ताहिकाने छापलं, आणि मागची भावना खरी आहे हे सांगता सांगता त्याच्या नाकी नऊ आले. तुमच्या भावाला एवढं लांब जायची गरजच नाही, भाडं वाढवायला आलेला घरमालक आणि त्याच्या हातात नेवऱ्यांचा डबा, ओरडावं की आभार मानावेत ते आईला कळत नाही, एवढ्यावर पाच मिनिटं आरामात निघतात. त्याला सांगा, आणि चतुर्थीच्या आधी सांगा, नाहीतर क्लिप घरमालकाकडे पोचली तर डबा यायचा बंद होईल.