स्पिंडल हा आजार नाही, आकार आहे

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांच्या पाठीवरच्या गाठीच्या बायोप्सीत 'स्पिंडल सेल लिजन' आलंय, मेव्हण्याच्या झोपेच्या टेस्टमध्ये 'स्पिंडल्स दिसल्या' असं लिहिलंय आणि पोरीच्या दहावीच्या पुस्तकात पण तेच, तर हे सगळं एकच आहे का आणि आमच्याच घराच्या मागं का लागलंय. शेवटचं वाक्य वाचून हसू आलं, माफ करा. मी 31 वर्षं इथंच कोल्हापुरात हिस्टोपॅथॉलॉजीच्या (अंगातला तुकडा काढून तपासायच्या) लॅबमध्ये टेक्निशियन होतो, आमचं काम स्लाइड बनवायचं, निदान डॉक्टरांचं, त्यामुळं तेवढ्याच बेतानं घ्या.

स्पिंडल म्हणजे चाती. आमच्या वेळी शाळेत सूतकताईचा तास असायचा, टकळीवर सूत चढत गेलं की मधे पोट यायचं आणि दोन्ही टोकं निमुळती राहायची. बस, तो आकार. मायक्रोस्कोपमध्ये, कागदावर, डोळ्यात, जिथं कुठं तो आकार दिसला तिथं लोकांनी हेच नाव ठेवलं. गल्लीत चार बाळू असले म्हणून ते भाऊ होत नाहीत, तसंच हे.

आता वडिलांचं. स्लाइड रंगवली की पेशी गुलाबी आणि तिचं केंद्रक निळं-जांभळं दिसतं. पेशी गोल नसून लांबट, टोकांना निमुळती आणि तिचं केंद्रक पण लांबट असलं की ती स्पिंडल सेल. अशा पेशी तुमच्या-माझ्या अंगात धडधाकट असताना पण असतात, जखम भरणाऱ्या, आतड्याच्या स्नायूच्या. बायकांच्या पिशवीतला फायब्रॉइड पण असल्याच पेशींचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका पाव्हण्याला शहाणपणा करून सांगितलं होतं की स्पिंडल सेल म्हणजे बहुतेक कॅन्सरच, तीन दिवस त्यांच्या घरात चूल पेटली नाही आणि निघाला साधा फायब्रॉइड. ते अजून तोंडावर ऐकवतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

उतारवयातल्या पुरुषांना मानेवर-पाठीवर येणारी स्पिंडल सेल लायपोमा नावाची चरबीची गाठ निरुपद्रवी असते. पण त्याच जागी त्याच आकाराच्या पेशींचा, कातडीतून पसरत जाणारा आणि परत-परत उगवणारा एक ट्यूमर पण असतो, आणि सीडी 34 नावाचं स्टेनिंग (पेशीतलं ठराविक प्रथिन रंगानं ओळखायची टेस्ट, हीच इम्युनो टेस्ट) दोन्हीत पॉझिटिव्ह येतं. म्हणून नुसतं नाव वाचून किंवा एक स्टेन बघून काही ठरत नाही, पॅथॉलॉजिस्ट पेशींची मांडणी, त्या किती वेगानं वाढतायत आणि चार-पाच स्टेन मिळून ठरवतात. लिजन शब्दाचा अर्थ 'काहीतरी आहे', एवढाच. पुढची इम्युनो टेस्ट सांगितली असेल तर करून टाका, आणि लॅबमधून मेणाचा ब्लॉक (गाठीचा तुकडा ज्या मेणात बसवलेला असतो तो) मागून घ्या, नुसता रिपोर्ट नको. दुसरीकडं मत घ्यायचं झालं तर स्लाइडबरोबर बहुतेक वेळा ब्लॉक पण लागतो.

मेव्हण्याचं तर टेन्शनच घेऊ नका. गाढ झोपेच्या आधीच्या टप्प्यात मेंदूच्या आलेखावर अर्ध्या सेकंदापासून एक-दोन सेकंदापर्यंत बारीक लाटांचा झुपका येतो, सेकंदाला साधारण 11 ते 16, हळूहळू मोठा होत मग बारीक होत जातो, म्हणजे परत चातीच. त्या दिसणं नॉर्मल.

तुम्ही विचारलं नाही पण स्नायूत पण स्पिंडल असतात आणि मला त्याच जास्त आवडतात. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात तेव्हा मांडीचा स्नायू एकदम ताणला जातो, आतली काही मिलिमीटरची स्पिंडल तो ताण ओळखून मणक्यातल्या मज्जारज्जूला कळवते आणि मेंदूला विचारायच्या आधीच पाय उडतो. तालमीत पोरं कुणी मान दाबली की बघायच्या आत आखडून घेतात, त्यात ह्यांचा पण हात आहे, मानेच्या स्नायूत त्या दाटीनं असतात. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला (कॉर्नियाला) आतल्या बाजूनं कधीकधी रंगद्रव्याची उभी रेघ साचते, तिला क्रुकेनबर्ग स्पिंडल म्हणतात, ती दिसली तर डोळ्याचं प्रेशर तपासून घ्यावं लागतं.

राहिली पोरगी. तिच्या पुस्तकात तुर्कतंतू असा शब्द असेल, संस्कृतात चातीला तर्कु म्हणतात. पेशी दोन होताना हे प्रथिनांचे तंतू गुणसूत्रं दोन टोकांना ओढतात. दारातली सदाफुली तिला दाखवा, तिच्यातून निघणारं विनक्रिस्टिन हे तंतू बनूच देत नाही, म्हणून ते कॅन्सरमध्ये, विशेषतः पोरांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरतात. नसांमध्ये पण तसलेच तंतू असल्यानं हातापायाला मुंग्या येतात, तो त्याचा त्रास. पण घरी पानं वाटून देणारे महाभाग असतात त्यांचं ऐकू नका, ते विष आहे.

कांद्याच्या मुळाची स्लाइड करायला सांगतीलच कधीतरी. मुळाचं टोक रंगात जरा गरम करून काचेखाली अंगठ्यानं दाबायचं. गुणसूत्रं काड्यांसारखी दिसतील, तंतू मात्र साध्या मायक्रोस्कोपखाली बहुतेक दिसत नाहीत, गुणसूत्रं मधे एका ओळीत उभी दिसली की ते तिथं आहेत असं समजायचं. चित्रासारखं दिसत नाही म्हणून तिला रडवू नका, मला पण कधी दिसले नाहीत.