‘मला काहीही चालेल’ म्हणणारा नवरा आणि प्रागचं घड्याळ

पत्र असं आहे, थोडं कापलंय:

"ताई, आम्ही दोघं तीन वर्षं झाली म्युनिकला आहोत, दोघांनाही नोकरी आहे, मूल नाही अजून. गेल्या दीड वर्षापासून दर तीन महिन्यांनी एक शहर असं चाललंय, शुक्रवारी संध्याकाळी निघायचं आणि रविवारी रात्री परत. व्हिएन्ना, बुडापेस्ट, पॅरिस, रोम, ॲमस्टरडॅम आणि गेल्या महिन्यात प्राग. प्रत्येक वेळी शनिवारी दुपारी चारच्या आसपास आमचं भांडण होतंच होतं. तिकिटं, हॉटेल, कुठली ट्रॅम, कुठे जेवायचं, सगळं मी बघते. त्याला विचारलं की एकच उत्तर, ‘तू ठरव, मला काहीही चालेल.’ (एकदा बुडापेस्टचं हॉटेल त्याने निवडलं होतं, पण रेटिंग ७.८ होतं म्हणून मी कॅन्सल करून दुसरं घेतलं.) प्रागला सकाळी किल्ला, मग चार्ल्स ब्रिज, मग ज्यू वस्ती बघायला गेलो तर सगळं बंद, आणि चारला ते प्रसिद्ध घड्याळ बघायचं तर हा मध्येच ट्रडेलनिक नावाचा तिथला गोड पदार्थ घ्यायला लायनीत उभा राहिला. तीन मिनिटांनी हुकलं. मी रस्त्यातच रडले. तो म्हणाला, ‘तुझ्यासोबत फिरणं म्हणजे वीकेंडला पण स्प्रिंट.’ आता लिस्बनची तिकिटं काढलीयत, रिफंड नाही. जाऊ की नको? सासरी माहेरी सगळ्यांना वाटतं आम्ही किती मजा करतोय. — दमलेली, म्युनिक"

अगं दमलेली,

लिस्बनला जा. ते आधीच सांगून टाकते म्हणजे उरलेलं शांतपणे वाचशील.

आता प्रागचं. ते घड्याळ मला माहितीये, १४१० सालचं आहे, आणि खालच्या गर्दीत मीही मान वर करून उभी राहिलेय. दोन छोट्या खिडक्या उघडतात, येशूचे बारा शिष्य एकामागून एक डोकावून जातात, बाजूचा सांगाडा घंटेची दोरी ओढतो, शेवटी कोंबडा आरवल्यासारखं काहीतरी करतो आणि संपलं, एक मिनिटसुद्धा धड होत नाही, आणि लोक एकमेकांकडे बघतात की बस एवढंच? आणि मुख्य म्हणजे हे सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला होतं. चारचं हुकलं तर पाचचं होतं की. हे तुला माहीत नव्हतं असं मला अजिबात वाटत नाही, जी बाई हॉटेलचं ७.८ बघते तिला हे माहीत असणारच, म्हणजे पाच वाजता तुझ्या यादीत दुसरं काहीतरी होतं. बरोबर ना?

आणि ज्यू वस्ती. तिथलं म्युझियम आणि जुनी सिनेगॉग शनिवारी बंदच असतात, शनिवार हा त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा वार. यादी तुझी, चूक तुझी, आणि तो काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, तू भांडून मोकळी झाली असतीस. तो गप्प राहिला म्हणून तू स्वतःवरच चिडून पुढे चालत राहिलीस, सकाळपासून किल्ल्याचे चढउतार, दगडी रस्ते, पोटात बहुतेक हॉटेलचा नाश्ता सोडून काही नाही (जेवल्याचा उल्लेख अख्ख्या पत्रात नाही, मी दोनदा वाचलं), आणि मग तो बिचारा साखर लावलेल्या गरम पोळीच्या नळकांडीसाठी लायनीत उभा राहिला तर सगळा राग त्याच्यावर निघाला. त्याला भूक लागली होती गं. चारच्या भांडणाचं अर्धं कारण पाय आणि पोट आहे, त्याला संसारातला प्रॉब्लेम म्हणू नकोस.

उरलेलं अर्धं कारण तू कंसात लिहिलंयस.

बायका महत्त्वाचं ते कंसात का लिहितात देव जाणे, मीही लिहिते. तर ते ७.८. नवऱ्याने एकदा, स्वतःहून, एक हॉटेल निवडलं, आणि तू ते कॅन्सल केलंस, बहुतेक त्याला न विचारता. पॅरिस रोमला ‘तू ठरव’ म्हणणारा माणूस तिथे तयार झाला बघ. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, कारण मी ठरवलेलं तू बदलणारच असशील तर ठरवायची मेहनत कशाला. तुला तो आळशी वाटतोय आणि त्याला वाटतंय की आपण समजूतदारपणे बाजूला झालोय, आणि दोघंही खरं धरून चाललायत.

म्हणून त्याला सोडते असं नाही हां. ‘काहीही चालेल’ हे वाक्य ऐकायला फार उदार वाटतं पण त्याचा अर्थ असा होतो की चुकलं तर तुझं आणि जमलं तर आपलं. शिवाय ते खरंही नसतं. आमच्याकडे हे वाक्य चाळीस वर्षं चालू आहे. मुलगा व्हिएन्नात होता तेव्हा आम्ही दोघं दीड महिना राहिलो होतो, जून महिना, एका रात्री छान जागा शोधून बसलो, ह्यांना तीनदा विचारलं काय खाणार, तीनदा काहीही चालेल, आणि वेटर वही घेऊन उभा राहिल्यावर म्हणतात, "अगं आज संकष्टी आहे ना?" झालं! बाहेर साडेआठला लख्ख ऊन, चंद्रोदय अकराच्या सुमाराला, आणि हे मेन्यूत बटाटा शोधतायत. फ्रेंच फ्राइज खाल्ले शेवटी, ‘बटाटा चालतो’ म्हणून, त्या तेलात आधी काय काय तळलं असेल तो विषय मी काढला नाही. तर काहीही चालेल म्हणणाऱ्या माणसाला बरंच काही चालत नसतं, फक्त ते वेळेवर आठवत नाही.

आणि ते स्प्रिंटचं वाक्य लागण्यासारखंच आहे. ज्याने एकदाही रात्री बसून गाड्यांच्या वेळा जुळवल्या नाहीत त्याने प्लॅनिंग करणाऱ्याला हसू नये. ते त्याला सांग, पण आत्ता लगेच नको आणि झोपायच्या आधी तर मुळीच नको. रविवारी सांग, तुमच्याकडे रविवारी दुकानं बंद असतात, कुठे पळायला जागा नसते, भांडी घासताना शेजारी उभी राहून सांग की ते मला लागलं. एवढंच. पुढे यादी वाचू नकोस.

आता तुझी यादी. दोन दिवसांत शहर ‘होत’ नाही गं. ‘व्हिएन्ना झालं, रोम झालं’ हे आपण ग्रुप टूरवरून शिकलो, दहा दिवसांत सात देश, बसमधून उतरा फोटो काढा चढा, सकाळी पोहे रात्री वरणभात, मीही केलीय तसली टूर आणि मजा आली होती खोटं कशाला बोलू, पण तिथे शिव्या घालायला टूर मॅनेजर होता. तुमच्यात तो मॅनेजर तू आहेस. पॅरिसच्या लूव्हर म्युझियमचं गणित एकदा मी मांडलं होतं, तिथे साधारण ३५ हजार वस्तू मांडलेल्या आहेत, प्रत्येकीसमोर दहा सेकंद उभं राहिलं तरी सत्त्याण्णव तास लागतात, जेवण झोप न धरता. व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात १४४१ खोल्या आहेत आणि मोठ्यातल्या मोठ्या तिकिटात चाळीसेकच दाखवतात. दाखवणारेच सगळं दाखवत नाहीत तर आपण कशाला जीव काढायचा? दिवसाला तिकीट काढून बघायची एकच गोष्ट ठेव. जेवण दीडच्या आत. आणि तीन ते पाच बसायचं, कुठेतरी बसायचं, यादीत लिहायचंच असेल तर ‘बसणे’ असं लिही.

व्हिएन्ना त्यासाठीच बरं. तिथे कॉफी छोट्या चांदीसारख्या ट्रेमध्ये येते, सोबत पाण्याचा ग्लास, ग्लासवर चमचा उपडा ठेवलेला, आणि एका मेलांजवर, म्हणजे तिथल्या दुधाच्या कॉफीवर, दोन तास बसलात तरी कोणी बिल आणून आपटत नाही. पेपर ठेवलेले असतात लाकडी दांडीला लावून. ऑस्ट्रियाने २०११ मध्ये त्यांची ही कॅफेत बसण्याची पद्धत आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातली, म्हणजे बसणं हे तिथे प्रेक्षणीय स्थळच आहे. तू तिथे गेली होतीस, बसलीस का? (रोममध्ये मात्र स्पॅनिश स्टेप्सवर बसू नका, २०१९ पासून बंदी आहे, दंड लावतात.)

आणि आता बुडापेस्ट, कारण तिथला हिशेब बाकी आहे.

आम्ही व्हिएन्नाहून गेलो होतो, जेमतेम पावणेतीन तासांची गाडी. माझ्या डोक्यात पार्लमेंट, किल्ला, ते १९१३ सालचं गरम पाण्याचं स्नानगृह जिथे म्हातारे छातीभर पाण्यात उभं राहून बुद्धिबळ खेळतात, सगळं होतं. मुलगा निघताना म्हणाला, आई एक दिवस बाबांना ठरवू दे. हे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. ह्यांनी काय ठरवलं? दोन नंबरची ट्रॅम. पिवळी, जुनी, डॅन्यूबच्या काठाकाठाने जाते. मार्गारेट पुलापाशी बसलो, शेवटपर्यंत गेलो, उतरलो, तीच ट्रॅम परत, मग पुन्हा. तीन वेळा! हे ड्रायव्हरच्या केबिनमागे दांडा धरून उभे, ब्रेक लागला की मान हलवायचे, आणि मी खिडकीशी धुमसत. दुसऱ्या फेरीत पार्लमेंट आलं तेव्हा मला म्हणाले, "इकडे ये, इथून बघ, वळताना आवाज ऐक." ट्रॅम वळली, चाकं कर्रर्र केली, आणि हे असे हसले जसे लग्नानंतर पहिली दोन वर्षं हसायचे. मी बोलायचं म्हणून बोलले, की त्या ड्रायव्हरला वाटत असेल तुम्ही चेकर आहात. स्नानगृह राहिलं ते राहिलंच, अजून मला त्याचं वाईट वाटतं, नाही वाटत असं म्हणणार नाही.

तर लिस्बन त्याला देऊन टाक. अख्खं. ‘आपण मिळून ठरवू’ नको, त्यात शेवटी तूच ठरवशील. हॉटेल त्याने घ्यायचं, रेटिंग तू उघडून बघायचं नाही, ७.८ काय ७.२ असलं तरी. मॅप तुझ्या फोनवर बंद. वाट चुकला तर चुकू दे, लिस्बन चढउतारांचं शहर आहे, चुकलं की माणूस वर जातो किंवा खाली नदीपाशी येतो, आणि वर गेलं की मिरादोरू असतात, म्हणजे कठड्याची मोकळी जागा, बाक, समोर लाल कौलं आणि खाली टागुस नदी. तो बसला तर तूही बस. कार्मोचा मठ त्याला सुचला तर उत्तम, १७५५ च्या भूकंपात छत पडलं ते तसंच ठेवलंय, कमानी उभ्या आणि वर आकाश. नाही सुचला तर सुचवू नकोस. मला माहितीये हे वाचून तुझ्या पोटात गोळा आलाय, तू म्हणशील सोमवारी बरीच म्युझियम बंद असतात ते त्याला कळेल का, अगं तुम्ही रविवारी परत येताय.

फक्त तीन गोष्टी तुझ्याकडे. एक, बूट. तिथल्या फुटपाथवर पांढऱ्या चुनखडीचे छोटे छोटे दगड असतात, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेले, पाऊस पडला की आपटायचीच खात्री, त्यामुळे चांगल्या ग्रिपचे बूट दोघांचे तू भर. दोन, अठ्ठावीस नंबरच्या ट्रॅममध्ये त्याने चढायचं ठरवलं तर पाकीट पुढच्या खिशात, फार गर्दी असते आणि खिसेकापूही. ह्यांना त्या ट्रॅमबद्दल सांगितलंय, तेव्हापासून आमच्याकडे लिस्बन लिस्बन चाललंय.

तिसरी गोष्ट, तिकिटाच्या तारखा कालनिर्णयशी ताडून बघ. संकष्टी येत असेल तर निघायच्या आधी त्याला विचार, तोंडाने, हो की नाही, काहीही चालेल हे उत्तर धरायचं नाही. कारण तिकडे बटाटा बहुतेक वेळा माशासोबतच येतो.

— ताई