लोकलहोस्ट म्हणजे नेमकं कुणाचं घर?

मी बनवलेल्या वेबपानाच्या फाइलवर डबल-क्लिक केलं की पान कोरंच उघडतं. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर मात्र तोच कोड चालतो. (खानापूर)

ॲड्रेसबारमध्ये सुरुवातीला 'फाइल' दिसतंय का बघा. दिसत असेल तर गोम तिथेच आहे. तुमची स्क्रिप्ट मॉड्यूल प्रकारची (टॅगमध्ये टाइप 'मॉड्यूल' लिहिलेली) आहे. थेट डिस्कवरून उघडलेल्या पानाचा ओरिजिन, म्हणजे ते कुठून आलं ती ओळख, ब्राउझर 'नल' (नसल्यासारखी) धरतो आणि कॉर्सच्या, म्हणजे दुसऱ्या ओरिजिनकडून फाइली घेण्याच्या, नियमाने मॉड्यूल अडवतो. कन्सोल (ब्राउझरची चुका दाखवणारी खिडकी) उघडलात तर तांबड्या अक्षरात हेच लिहिलेलं सापडेल. ते वाचायची सवय लावून घ्या, निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

मैत्रीण सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला पानं पुरवणारा प्रोग्राम, चालवते, एवढाच फरक. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून 'एनपीएम रन डेव्ह' ही कमांड द्या. नुसतं एचटीएमएल आणि साधं जावास्क्रिप्ट असेल तर पायथनचा सर्व्हरही पुरतो, तो ८००० पोर्टवर (पत्त्याच्या शेवटी येणारा क्रमांक) उघडतो. रिॲक्टच्या जेएसएक्स फाइलींना (जावास्क्रिप्टमध्येच एचटीएमएलसारखं लिहिलेल्या) मात्र तो चालणार नाही. ब्राउझरला जेएसएक्स कळत नाही, ते 'वीट'सारखं (Vite, 'एनपीएम रन डेव्ह'ने चालणारा सर्व्हर) साधन बदलून देतं.

दुकानाची वेबसाइट बाबांच्या मोबाइलवर दाखवायची आहे. लॅपटॉपवर लोकलहोस्ट ५१७३ उघडतं, मोबाइलवर नाही. (निपाणी)

लोकलहोस्ट म्हणजे 'हेच यंत्र'. मोबाइलवर तो पत्ता टाकलात की मोबाइल स्वतःकडेच सर्व्हर शोधतो. शिवाय वीट मुळात बाहेरच्यांना दार उघडत नाही. 'एनपीएम रन डेव्ह' नंतर दोन डॅश, मोकळी जागा आणि 'डॅश डॅश होस्ट' लिहून चालवा. टर्मिनलमध्ये 'नेटवर्क' म्हणून पत्ता येईल, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. तोच पत्ता पोर्टसकट मोबाइलवर टाका. दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर हवीत आणि विंडोज फायरवॉलने विचारलं तर परवानगी द्या. कॉलेजच्या वायफायवर अनेकदा एक यंत्र दुसऱ्याला दिसूच देत नाहीत. तिथे डोकेफोड करू नका, मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. काम झालं की होस्टविना सर्व्हर सुरू करा. अनोळखी वायफायवर अर्धवट कोड उघडा ठेवणं मला पटत नाही.

कोड बदलतो, पान बदलतच नाही. (शहापूर, बेळगाव)

प्रोजेक्टच्या जुन्या कॉपीचं टर्मिनल अजून चालू असणार. ५१७३ पोर्ट अडकलेला असला की वीट आपोआप ५१७४ घेतो आणि तुम्ही जुन्याच टॅबवर रिफ्रेश करत बसता. जुन्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी दाबा.

पावसात नेट जातं. तेव्हा काम करता येईल? (जांबोटी)

येईल. नेट लागतं ते 'एनपीएम इन्स्टॉल'पुरतं, म्हणजे प्रोजेक्टला लागणारी पॅकेजेस उतरवण्यापुरतं. त्यांचा 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर एकदा भरला की सर्व्हर तुमच्याच यंत्रात चालतो. तुमच्या पानावर मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत आणि त्यांचे फॉन्ट गूगलवरून येतात, ते तेवढे येणार नाहीत. नेट असताना दोन्ही फॉन्ट उतरवून 'पब्लिक' फोल्डरमध्ये ठेवा आणि सीएसएसमध्ये तिथला पत्ता द्या.