स्पर्शपडद्यावरची कला शिकताना आधी प्रतिसादाकडे पाहा

ठाण्यात राहून स्पर्शपडद्यावरची कला, म्हणजे प्रेक्षकाने पडद्याला हात लावताच रंग वा आवाजाने प्रतिसाद देणारी चित्रे, शिकू पाहणाऱ्या चित्रकाराने सुरुवातीलाच मोठा टचस्क्रीन विकत घेऊ नये. घरातला जुना टॅब्लेट पुरेसा आहे. केसी रीअस आणि बेन फ्राय यांनी 2001 मध्ये सुरू केलेली प्रोसेसिंग ही कोड लिहून चित्रे घडवण्याची, कलाकारांसाठीची प्रणाली आणि तिच्याच धर्तीवर लॉरेन मॅकार्थी यांनी ब्राउझरसाठी घडवलेली पी फाइव्ह जेएस, या दोन्ही विनामूल्य मिळतात. मी तुम्हाला यांतली पी फाइव्ह जेएस सुचवेन, कारण तिच्यातले काम टॅब्लेटवर लगेच उघडून बोटाने तपासता येते. माऊसने केलेली तपासणी फसवी ठरते. माऊसला टोक एकच असते, प्रेक्षक मात्र दोन्ही तळवे टेकवतो.

खरी मेहनत प्रतिसादावर घ्या. स्पर्शानंतर रंग किंवा आवाज 0.1 सेकंदाहून उशिरा उमटू लागला, की हे आपल्या हातून घडले ही प्रेक्षकाची जाणीव पुसट होत जाते, आणि या कलेचा प्राण तर तीच जाणीव आहे. म्हणून चित्र जड झाले तर तपशील कमी करा, पण वेगाशी तडजोड करू नका.

आपल्याकडच्या पावसाळ्याचाही विचार हवा. टॅब्लेटचा पडदा बोटामुळे होणारा विद्युतभारातील बदल ओळखतो, त्यामुळे भिजत आलेल्या माणसाच्या ओल्या बोटांनी त्याचा गोंधळ उडतो. काही मोठ्या पडद्यांना इन्फ्रारेड चौकट असते, म्हणजे पडद्यासमोरचे अदृश्य किरण अडले की ती स्पर्श झाला असे मानते. तिला ओढणीचे टोकसुद्धा स्पर्शच वाटते. वाशीतल्या एखाद्या प्रदर्शनात काम मांडण्यापूर्वी नौपाड्यातल्या शेजाऱ्यांसमोर कोणतीही सूचना न देता ते ठेवा आणि त्यांचे बोट प्रथम कुठे जाते, याची नोंद करा.