‘मुखत्यार’ हा शब्द वाक्यात नेमका कसा वापरायचा?

तुम्ही तीन वाक्यं दिली आहेत आणि त्यांतलं बरोबर कुठलं, असं विचारलं आहे: ‘ती माझी मुखत्यार आहे’, ‘ती माझी कुळमुखत्यार आहे’, ‘ती माझी कुलमुखत्यारपत्रधारक आहे’. पहिलं बरोबर. दुसरं चूक. तिसरं ठाण्या-नवी मुंबईतल्या निम्म्या दस्तांत दिसतं, तरी मी ते लिहीत नाही आणि माझ्या हाताखालून जाणाऱ्या मसुद्यात राहूही देत नाही.

मुखत्यार म्हणजे निवडलेला, नेमलेला: दुसऱ्याच्या वतीने सही-व्यवहार करणारा. ज्या कागदाने त्याला नेमतात ते मुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अटर्नी. शब्द मूळचा अरबी, फारसीतून मराठीत आलेला. ‘अखत्यार’ त्याचाच सख्खा भाऊ. ‘हे माझ्या अखत्यारीत नाही’ म्हणताना आपण अधिकाराबद्दल बोलतो, कागदाबद्दल नाही. ‘कुल’सुद्धा अरबीच, अर्थ ‘सगळा, समस्त’. घराण्याच्या कुलाशी त्याचा संबंध नाही आणि ‘कुळ’ तर आणखी वेगळं. आपल्याकडे जमिनीच्या कागदात कुळ म्हणजे १९४८ च्या कुळकायद्यातला कसणारा. सातबाऱ्यावर कुळाची नोंद असलेल्या जमिनीच्या दस्तात ‘कुळमुखत्यार’ लिहिलंत, की वाचणारा विचारणारच: हा मालकाचा मुखत्यार की कुळाचा?

मुखत्यार नेमतात, मुखत्यारपत्र लिहून देतात. ‘बहिणीला मुखत्यारपत्र नेमलं’ असं वाक्य होत नाही. बाई असली तरी शब्द मुखत्यारच, लिंग शेजारच्या शब्दांवरून कळतं: ‘माझी मुखत्यार सही करील’. अनेकवचनात ‘मुखत्यारांनी’. एवढं व्याकरण पुरे, कारण खरी गडबड दस्तातल्या वाक्यात होते.

ऐरोलीतल्या एका सदनिकेच्या विक्रीचा मसुदा घ्या. मालक मुलगा, राहतो दुबईत. आई इथे. मसुद्यात वाक्य होतं: ‘श्रीमती अबक, कुळमुखत्यारपत्रधारक, या आपली सदनिका विकत आहेत.’ ‘कुळ’ची चूक दिसतेच. त्याहून घातक आहे ‘आपली’. त्या एका शब्दाने आई मालक झाली. घेणाऱ्याला कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील हे वाक्य वाचून दस्त परत पाठवतो, आणि योग्यच करतो. विकणारा मुलगा आहे, आई फक्त त्याचा हात आहे. म्हणून पक्षकाराच्या जागी असं हवं: ‘लिहून देणार: श्री. कखग, तर्फे कुलमुखत्यार श्रीमती अबक’. पुढे मजकुरात: ‘लिहून देणार यांनी आपल्या कुलमुखत्यारामार्फत सदर सदनिका लिहून घेणार यांना विकली आहे.’ इथे ‘आपल्या’ चालतं, कारण ते मुलाकडे जातं. शेवटी आईने स्वतःच्या नावाची सही करायची आणि तिच्याखाली ‘श्री. कखग तर्फे कुलमुखत्यार’ लिहायचं. मुलाच्या सहीची नक्कल करायची नाही. तसं करणारे आहेत, आणि तो मुखत्यारीचा नव्हे, खोट्या सहीचा मामला होतो. फोटो आणि अंगठा आईचा, पॅन मुलाचा, पैसे मुलाच्या खात्यात.

असं मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत सही करून आणलं, तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित करून घ्यावं लागतं. आईसारख्या जवळच्या नात्यात, मोबदल्याशिवाय विक्रीचा अधिकार दिला तर मुद्रांक ५०० रुपये. तोच अधिकार तिऱ्हाइताला दिला, तर खरेदीखताइतका. म्हणून मुखत्यारपत्रातच नातं लिहा: ‘माझी आई श्रीमती अबक यांना मी मुखत्यार नेमत आहे’. ‘कुल’ लिहिलं म्हणजे सगळे अधिकार आपोआप आले, असंही समजू नका. विक्री करणे, मोबदला स्वीकारणे, दस्तावर सही करणे, दस्त नोंदणीस सादर करणे, कबुलीजबाब देणे (म्हणजे दस्तावर सही झाल्याचं नोंदणी अधिकाऱ्यासमोर मान्य करणे) ही पाचही क्रियापदं वेगवेगळी हवीत. मुखत्यारपत्राचा अर्थ न्यायालयं काटेकोर लावतात. लिहिलेलं नाही ते दिलेलं नाही.

नवीन इमारतीत घर घेतलेल्यांनी आपल्या करारनाम्याचं शेवटचं पान उघडून पाहावं. तिथे बिल्डरने स्वतः सही केलेली असते आणि त्याचा माणूस फक्त ‘कबुलीजबाबासाठी’ मुखत्यार म्हणून उभा असतो. त्या माणसाबद्दल ‘मुखत्यारामार्फत विकली’ लिहिलं तर चूक. तो विकत नाही, झालेली सही कबूल करतो.

आता ‘धारक’. हा वाद कोर्ट नाक्यावर मसुदे करणाऱ्यांत जुना आहे. धारकवाल्यांचं म्हणणं असं की कागद हातात आहे म्हणूनच तो माणूस सही करू शकतो, तेव्हा धारक म्हणणंच नेमकं. हे साफ चूक आहे. मालकाने मुखत्यारी काढून घेतली तरी कागद त्या माणसाच्या कपाटात राहतोच. मालक वारला तरी राहतो. तेव्हा तो धारक असतो, मुखत्यार नसतो. दुय्यम निबंधकासमोर, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, मुखत्याराकडून जे घोषणापत्र घेतात ते नीट वाचा: मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही, लिहून देणाऱ्यांपैकी कोणी मयत नाही, आणि हे खोटं निघालं तर नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ८२ खाली शिक्षा. कागद धरणं पुरेसं असतं तर हे घोषणापत्र कशाला लागलं असतं? नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्यांना सिडकोने दिलेल्या साडेबारा टक्के योजनेच्या भूखंडांवर दहा-बारा वारसांनी मिळून एकच मुखत्यारपत्र दिलेलं असतं. त्यातला एक वारस गेला की त्याच्यापुरती मुखत्यारी साधारणपणे संपते, आणि ‘धारक’ लिहायची सवय लागलेल्याला हा प्रश्न सुचतही नाही.

आपल्या इतिहासातही मान नेमणुकीलाच होता. ‘वकील’ म्हणजे आधी प्रतिनिधी, म्हणून तर दूतावासाला वकिलात म्हणतात. १७८४ मध्ये बादशहा शाह आलमने पेशव्यांना वकील-इ-मुतलक नेमलं, म्हणजे पूर्ण अधिकाराचा प्रतिनिधी, आणि महादजी शिंदे झाले त्यांचे नायब. प्रतिनिधीचा प्रतिनिधी. आजच्या मुखत्याराला मात्र स्वतःच्या मर्जीने असा नायब नेमता येत नाही. पुढे मुखत्यार नेमण्याचा अधिकार मुखत्यारपत्रात लिहिलेला हवा.

मुखत्यारी काढायची असेल तर ‘मुखत्यारपत्र रद्द करत आहे’ एवढ्यावर थांबू नका. ‘श्री. अमुक हे आजपासून माझे मुखत्यार राहिलेले नाहीत’ हे वाक्य हवं. मूळ नोंदणी झाली असेल तर रद्दपत्रही नोंदवा, त्या माणसाला लेखी कळवा, सोसायटीला, बँकेला आणि सिडकोला कळवा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. मुखत्यारी संपल्याचं ज्याला ठाऊक नाही, त्याच्याशी जुन्या मुखत्याराने केलेला व्यवहार तुमच्या गळ्यात पडू शकतो. शिवाय ज्या मुखत्यारीत मुखत्याराचाच त्या मिळकतीत हितसंबंध गुंतलेला असतो, ती अशी एकतर्फी काढता येत नाही. बिल्डरच्या नावाने असेल तर हे आधी तपासा.

आणि मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात ते स्पष्ट केलं आहे. त्यामुळे ‘मी हे घर कुलमुखत्यारपत्राने विकत घेतलं’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असलं तरी लिहू नका. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ‘मी भावाची मुखत्यार म्हणून आले आहे’ हेही चालत नाही. आदर्श उपविधींत मुखत्याराला तिथे सभासदाच्या वतीने बसता येत नाही. दुरुस्तीचं पत्र, थकबाकी, भाडेकरार यांसाठी मात्र तेच वाक्य बिनधास्त वापरा.