पावतीवर १९११, बेलवर भलतंच नाव : जुना ट्रॉम्बोन पुढे विकू का?

प्रश्न : मी निपाणीचा, बँडमध्ये वाजवून पोट भरतो. कोल्हापुरात जुनी वाद्यं विकणाऱ्या दुकानातून दीड महिन्यापूर्वी ८५ हजारांना बास ट्रॉम्बोन घेतला. पावतीवर ‘१९११ चा, मूळ स्थितीत’ असं लिहिलंय. बेलवर, म्हणजे पुढच्या कर्ण्यासारख्या तोंडावर, ‘बूझी अँड हॉक्स, लंडन’ कोरलंय. परवा दुरुस्तीवाल्यानं दाखवलं, की बेल मागाहून झाळून बसवलीय. दुकानदार ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीवर बोट ठेवतो. खानापूरचा एक बँडवाला तेवढेच पैसे द्यायला तयार आहे. विकून मोकळा होऊ?

उत्तर : १९११ ची कहाणी सांगून विकाल, तर उद्या खानापूरवाला तुमच्यावरच उलटेल. दुकानदाराला कदाचित माहीत नसेल. तुम्हाला आता माहीत आहे.

पुरावा तुमच्या बेलवरच आहे. बूझी आणि हॉक्स या मुळात दोन वेगळ्या कंपन्या, त्या एकत्र आल्या १९३० साली. मग १९११ च्या वाद्यावर हे जोडनाव आलं कुठून? दुकानदार म्हणेल, बेल नंतर बदलली, बाकी सगळं १९११ चंच. म्हणू द्या. मग ‘मूळ स्थितीत’ हे शब्द खोटे ठरतात. दोन्हीकडून तो अडकतो.

वस्तुविक्री कायदा १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णन करून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असावा लागतो. तुम्ही फुंकून, स्लाइड ओढून पाहिलात म्हणून ही अट सुटत नाही. ‘माल परत नाही’ हा छापील शिक्काही खोट्या वर्णनाला सहसा वाचवत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. माल नाकारायचा तर वाजवी वेळेत कळवावं लागतं, आणि नाकारलेली वस्तू मालकासारखी वापरून चालत नाही. या ट्रॉम्बोनवर तुम्ही लग्नाच्या सुपाऱ्या मारल्या असाल, तर पूर्ण पैसे परत मिळणं अवघड. मग किमतीतला फरक भरपाई म्हणून मागावा लागेल. म्हणून आजपासून तो पेटीत ठेवा. पोचा काढू नका, पॉलिश करू नका. बेलचा, झाळकामाचा फोटो काढा, दुरुस्तीवाल्याकडून दोन ओळी लिहून घ्या आणि माल नाकारल्याची नोटीस पोच मिळेल अशा टपालानं पाठवा. वाद्य कोल्हापूरला पोचवायची जबाबदारी तुमची नाही; नाकारल्याचं कळवलं की पुरे (कलम ४३).

दाद न मिळाल्यास बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. दुकान महाराष्ट्रात असलं तरी तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते. सीमेचं भांडण इथे आडवं येत नाही. बँड हा धंदा, मग तुम्ही ग्राहक कसे, असं समोरचा वकील विचारेलच. स्वतः वाजवून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यानं ग्राहकाचीच धरली जाते. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. पावती मराठीत आहे, तेव्हा तिचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा.

पोलिसांत जायची घाई नको. फसवणुकीच्या गुन्ह्याला सुरुवातीपासूनचा खोटा हेतू दाखवावा लागतो, आणि दुकानदारालाही कुणीतरी हीच थाप मारलेली असू शकते.

तडजोड होऊन काही पैसे परत आले आणि वाद्य तुमच्याकडेच राहिलं, तर खानापूरवाल्याला खुशाल विका. पावतीवर मात्र लिहा : ‘१९३० नंतरची बेल, झाळून बसवलेली’, आणि खाली त्याची सही घ्या.