सिस्टर, तो मेमो लेकीला दाखवा

परळहून एका सिस्टरचं पत्र आलंय. बावीस वर्षं नोकरी, सध्या आयसीयूत. मुलगी यंदा बारावी झाली, मॅथ्स-बायो दोन्ही होतं, नीटला ४१२. आईला ड्रॉप हवाय, क्लासचं डिपॉझिटही भरून झालंय, आणि मुलगी म्हणते मला डॉक्टर नाही व्हायचं, हॉस्पिटलातली मशीन्स धड डिझाइन करायचीत. "चित्रं काढून पोट भरतं का, तुम्हीच समजवा तिला."

समजवते ताई, पण तिला नाही, तुम्हाला.

मार्कांवर तुम्ही दीड पान लिहिलंय, ते मी भरभर वाचलं. अडकले ते तिसऱ्या पानावर. मागच्या वर्षी नाइटला सिरिंज पंपावर (ठरल्या वेगाने औषध सोडणारं मशीन) ताशी ५ मिलीच्या जागी ५० लागलं, काही मिनिटांत तुमच्याच लक्षात आलं, पेशंटला काही झालं नाही, तरी मेमो मिळाला, आणि पुढे लिहिता, "चूक माझीच होती, म्हणून वाटतं पोरीने मेमो देणाऱ्यांत जावं, घेणाऱ्यांत नको." हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि चहा टाकायला उठले. म्हणजे नीटचा हा सगळा आटापिटा त्या एका कागदापायी चाललाय होय! लेक डॉक्टर झाली म्हणून तुमचा मेमो फाटणार नाहीये.

आणि चूक तुमचीच हे ठरवलं कोणी? तुम्हीच लिहिलंय, सलग तिसरी नाइट, दिवे मंद, बटण दबलं की नाही ते बोटाला कळतच नाही म्हणून परत दाबायचं, आणि पंप ५ घेतो तसाच ५०ही मुकाट्याने घेतो, एकदा विचारतसुद्धा नाही की बाई, नक्की ना? अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे औषधं-उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, २००५ ते २००९ मध्ये इन्फ्युजन पंपांबद्दल (तुमचा सिरिंज पंप त्यातलाच) बिघाडाचे सुमारे ५६,००० रिपोर्ट गेले होते, ८७ रिकॉल झाले, म्हणजे सदोष पंप दुरुस्तीला किंवा परत घ्यावे लागले, आणि २०१० मध्ये त्यांनी सरळ सांगितलं की यातले बरेच घोळ पंपाच्या डिझाइनमधलेच दिसतायत. त्यातला एक तर असा, की बटण एकदा दाबलं तरी आकडा दोनदा उमटतो. आता बोला.

आता ते "चित्रं काढणं". डिझाइन म्हणजे मशीनला छान रंग द्यायचा हा समज जवळपास प्रत्येक पालकाचा असतो, तुमचा तरी नसायला हवा होता. ओटीत ड्युटी केली असेल तर आठवा, ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर नायट्रसच्या (भुलीच्या गॅसच्या) जागी चढवायला गेलात तर बसतच नाही, कारण पिनांच्या जागा वेगळ्या. तिथे कोणी 'कृपया काळजी घ्या'ची पाटी लावली नाही, चूक करायची सोयच काढून घेतली. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानं उतरल्यावर पायलट फ्लॅप्सऐवजी (पंखांच्या हलत्या पट्ट्या) चाकंच आत घ्यायचे, विमान पोटावर बसायचं. दोष पायलटच्या माथी. मग चापानिस नावाच्या एका मानसशास्त्रज्ञाने बघितलं तर दोन्ही स्विच सारखे आणि शेजारी शेजारी. चाकांच्या दांड्याला चाकाचा आकार, फ्लॅप्सच्या दांड्याला पाचरीचा, म्हणजे न बघता हाताला कळावं, एवढंच काम. पुढच्या ड्युटीला तुमच्या वॉर्डातली मशीन्स जरा बघा, एखाद्यावर तरी ल्युकोप्लास्ट चिकटवून बॉलपेनने लिहिलेलं असेल, 'आधी हे दाबा'. जिथे अशी पट्टी दिसेल तिथे डिझायनर नापास झालाय आणि त्याचा पेपर कुठल्यातरी सिस्टरने सोडवलाय.

माणूस कुठे चुकेल ते आधी बघून मशीन घडवायच्या या कामाला ह्यूमन फॅक्टर्स म्हणतात. एफडीएच्या २०१६ च्या गाइडन्सप्रमाणे असं उपकरण बाजारात आणायच्या आधी, ते वापरणाऱ्या प्रत्येक गटातल्या किमान १५ जणांच्या हातात देऊन बघायचं असतं की कुठे अडखळतात, कुठे चुकतात. परीक्षा मशीनची असते, सिस्टरची नाही.

रस्ते थोडक्यात: बारावीनंतर यूसीड, म्हणजे डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा, कुठलीही शाखा चालते, पण पहिल्यांदा बारावी दिली ते वर्ष आणि पुढचं वर्ष एवढीच मुदत, म्हणजे ड्रॉपवर ड्रॉप घेतलात तर हे दार बंद. किंवा सीईटीतून बायोमेडिकल इंजिनिअरिंग आणि मग सीड (पदवीनंतरची तशीच परीक्षा) देऊन पवईला आयडीसीत, म्हणजे आयआयटीच्या डिझाइन स्कूलमध्ये, एम.डेस. ही मास्टर्स डिग्री. सायकॉलॉजीतूनही लोक येतात. नोकऱ्या आपल्याकडे अजून थोड्या, त्यातही बंगळुरू-पुण्याकडे जास्त, आणि पहिला पगार चाळीत पेढे वाटण्याइतका नसेल, हे लेकीने आत्ताच ऐकून ठेवावं. आणि मशीन डिझाइन करायचंय असं नुसतं म्हणू नको म्हणावं, आधी आईला एक अख्खी संध्याकाळ समोर बसव, त्या रात्री कुठलं बटण, कुठला हात, स्क्रीनवर काय दिसत होतं, सगळं लिहून काढ, आईला मध्ये तोडू नको. यूसीडच्या तयारीला एवढं चांगलं मटेरियल कुठला क्लास देणार नाही.

अजून एक, उपकरणामुळे असं काही घडलं तर कळवायला आपल्याकडे २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम आहे, नर्सनेही फॉर्म भरला तरी चालतो. पुढच्या वेळी मेमोच्या उत्तरात "यापुढे काळजी घेईन" लिहिण्याआधी तो फॉर्म भरा.

आणि क्लासवाल्याकडे डिपॉझिट उद्याच मागा, अर्धंच देतो म्हणाला तरी घेऊन या.